पेटी मालवणची, मासा कुठला

आठल्ये बाई कुठलीही वस्तू हातात आली की आधी उलटी करून बघायच्या. कपबशी, पुस्तक, लग्नपत्रिका, मेथीची जुडी, काहीही. वरची बाजू लोकांना दाखवायला केलेली असते, असं त्यांचं म्हणणं. कॉलेजात नवीन प्राचार्य आले तेव्हा त्यांनी प्रत्येक विभागात पेढ्यांचा बॉक्स पाठवला आणि मागून स्वतः भेटायला आले. बाईंनी त्यांच्यासमोरच बॉक्स उलटा केला, तळाची तारीख वाचली, "परवाचे आहेत, खायला हरकत नाही," म्हणाल्या आणि एक पेढा तोंडात टाकला. प्राचार्य हसले, पण त्यानंतर आमच्या विभागात कधी पेढे आले नाहीत.

बाई गेल्या त्याला आता सहा महिने झाले. ज्यांनी त्यांना पाहिलं नाही त्यांना त्या कशा होत्या हे सांगायला बसले की मला आधी हे उलटं करणंच आठवतं, आणि त्याच्या मागोमाग माझी गुणपत्रिका. कर्वेनगरमधल्या त्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात मी प्रोजेक्ट असिस्टंटच्या मुलाखतीला गेले होते. एमएस्सीची गुणपत्रिका मी लॅमिनेट करून नेली होती. बाईंनी ती उलटी केली, मागची कोरी बाजू जरा जास्तच वेळ पाहिली आणि विचारलं, हे प्लास्टिक का चढवलंस? मी म्हटलं, खराब होऊ नये म्हणून. त्यावर त्या म्हणाल्या, "खराब व्हायला ती रोज वापरतेस का?"

मला राग आला. मी वाघोलीची. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नाही. वडील उरलेल्या दीड एकरात पालेभाज्या करतात आणि मार्केट यार्डात नेतात. आजूबाजूच्या रानांत इमारती उभ्या राहिल्या, आमचं रान अजून रान आहे. त्या गुणपत्रिकेची वडिलांनी देव्हाऱ्याशेजारी पूजा केली होती. तेव्हा मान ताठ करून मी सांगितलं की आमच्या घरात ग्रॅज्युएट झालेली मी पहिली. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "म्हणजे तुझं लिहिलेलं घरी तपासणारं कुणी नाही," त्या म्हणाल्या. "मग ते काम माझ्याकडे आलं. सोमवारपासून ये."

हा अपमान की नेमणूक, हे मला घरी पोचेपर्यंत ठरवता आलं नाही.

विभागात त्या कुणालाही नावाने हाक मारत नसत. ज्या भागातून माणूस येतो त्या भागाने मारत. मी वाघोली, शिपाई हडपसर, विभागप्रमुख देशमुख सर म्हणजे कोथरूड. सर तोंडावर हसायचे आणि मागे चिडायचे. बाईंना त्याचं काही नसे. नमुना कुठला ते माहीत नसेल तर तो नुसता मेलेला प्राणी, बाकी काही नाही, असं त्या पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या होत्या. विभागाच्या संग्रहात स्पिरिटमध्ये ठेवलेले मासे, बेडूक, साप असे कितीतरी नमुने होते. प्रत्येक बरणीत जाड कागदाची चिठ्ठी, तिच्यावर पेन्सिलीने ठिकाण, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव. ज्या चिठ्ठीवर बाईंचा विश्वास नसे ती बरणी खिडकीजवळच्या लोखंडी कपाटात जाई. त्या कपाटाला आम्ही कोठडी म्हणत असू. त्यात त्यांच्या स्वतःच्या गुरूंच्या तीन बरण्या होत्या. "सर देवमाणूस होते," त्या म्हणायच्या, "पण घरी येऊन आठवणीने लिहायचे."

त्यांचा एक प्रश्न ठरलेला असे: "हे तू पाहिलंस की ऐकलंस?" पाऊस पडतोय म्हटलं तरी हा प्रश्न यायचा. शिपायाने चहा आणला आणि साखर घातली आहे म्हणाला, तरी त्या चमच्याने ढवळून तळाशी बघत. आम्ही मागे नक्कल करायचो. मी सगळ्यात चांगली करायचे.

आमचा प्रकल्प पुण्याच्या बाजारात येणाऱ्या मुशी आणि पाकटांचा होता. मुशी म्हणजे लहान शार्क. पाकट म्हणजे तो पसरट, तव्यासारखा मासा, लांब शेपटीचा. दर मंगळवारी पहाटेची पहिली बस धरून मी मासळी बाजारात जायची. तिथे इस्माईलभाई म्हणून घाऊक व्यापारी होते, त्यांच्याकडे थर्माकोलच्या पेट्या उतरायच्या. मी माप घ्यायची, फोटो काढायची, वेगळं काही दिसलं तर विकत घेऊन विभागात आणायची. वाघोलीच्या शाकाहारी पोरीला पहिला महिना वास सहन होईना. नंतर बसमध्ये माझ्या शेजारची सीट रिकामी राहायला लागली, तेव्हा कळलं की मी सरावले.

आता माझी चूक सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय बाई सांगता येणार नाहीत.

आमच्याकडे माल मार्केट यार्डात जायचा तर आदल्या संध्याकाळीच चिठ्ठ्या लिहून ठेवतात. शेतकऱ्याचं नाव, गाव, मालाचा प्रकार. सकाळी घाई असते, हात ओले असतात, म्हणून आधी चिठ्ठ्या लिहायच्या आणि मग पोत्यांना बांधायच्या. मी दुसरीत असल्यापासून त्या चिठ्ठ्या मीच लिहीत आले, कारण घरात अक्षर माझंच चांगलं. बाजारातल्या माशांसाठीही मी तेच केलं. इस्माईलभाईंच्या पाकटांच्या पेट्यांवर कायम 'मालवण' लिहिलेलं असायचं. मग मंगळवारी ओल्या हातांनी कशाला, म्हणून मी सोमवारीच घरी टेबलावर बसून पाच-सहा चिठ्ठ्या तयार करायची. ठिकाण मालवण, तारीख उद्याची, खाली माझं नाव. मासा कोणता तेवढंच बाजारात भरायचं. हे चुकीचं आहे असं माझ्या मनातही आलं नाही. उलट आपण व्यवस्थित काम करतो असं वाटायचं.

त्या मंगळवारी एका पेटीत साध्या पाकटांखाली एक वेगळाच मासा निघाला. दीड वीत लांब, गोल, जाड, बोटाने दाबला तर ओल्या कणकेसारखा. शेपूट आखूड आणि त्याच्यावर पर. अंगावर तपकिरी ठिपके. मी पुस्तकात असं चित्र पाहिलं होतं. विजेचा पाकट. डोक्याच्या दोन्ही बाजूंना याच्या अंगात वीज तयार करणारे अवयव असतात आणि जिवंत असताना हा हात लावणाऱ्याला झटका देतो. हा मेलेला होता, बर्फात गार पडलेला. मी तो डब्यात घालून रिक्षाने कॉलेजात आणला. प्रकल्पात रिक्षाची सोय नव्हती, पण त्या दिवशी मी बसची वाट बघितली नाही.

बाईंनी मासा उलटा केला. ते अपेक्षितच होतं. मग भिंग घेऊन दोन तास बसल्या. नाकपुड्यांची झडप, परांची जागा, ठिपक्यांची रचना, सगळं तीन पुस्तकांशी ताडून पाहिलं. शेवटी भिंग खाली ठेवलं. विजेचे पाकट आपल्या किनाऱ्यावर नसतात असं नाही, त्या म्हणाल्या, पण ही जात आपल्याकडची नाही. ही आत्तापर्यंत फक्त पूर्व किनाऱ्यावर मिळालेली, आंध्र आणि त्याच्या आसपास. पश्चिमेला तिची एकही नोंद नाही.

मी मनात हिशेब मांडला. म्हणजे मालवणला मिळाली असेल तर पहिलीच नोंद. शोधनिबंध. त्याच्यावर माझं नाव. पीएचडीला नाव नोंदवायचं होतं आणि माझ्याकडे छापलेलं एक पानही नव्हतं. प्रकल्प मार्चमध्ये संपत होता. त्यानंतर घरचे एका बँकेतल्या मुलाचं स्थळ बघायला मोकळे होते.

"पेटीवर काय होतं?" बाईंनी विचारलं.

"मालवण."

"ती पेटी मालवणची. मासा कुठला?"

इस्माईलभाईंनीही मालवणच सांगितलं, असं मी म्हटलं. बाईंनी बरणीतली चिठ्ठी चिमट्याने बाहेर काढली आणि खिडकीपाशी धरली. बराच वेळ बघत राहिल्या. मग विचारलं, ही कधी लिहिलीस? मी म्हटलं, बाजारातच. त्यांनी आणखी काही विचारलं नाही. चिठ्ठी परत आत टाकली आणि बरणी उचलून कोठडीत ठेवली. कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली.

मी खोटं का बोलले, ते मला आजही नीट सांगता येत नाही. विचारण्याचा सूर असा होता की खोटं तोंडातून आपोआप निघालं.

पुढच्या मंगळवारी बाई माझ्याबरोबर बाजारात आल्या. साठीला टेकलेल्या, गुडघा दुखरा, पायात रबरी चपला, साडी घोट्याच्या वर खोचलेली. इस्माईलभाईंनी स्टूल दिलं, त्या बसल्या नाहीत. पाकटांची पेटी कोणती ते विचारलं. झाकणावर काळ्या मार्करने ठळक 'मालवण' होतं. बाईंनी झाकण काढलं आणि उलटं केलं. आतल्या बाजूला पुसट, गोल गोल अक्षरं होती.

"इस्माईलभाई," बाई म्हणाल्या, "मालवणात तेलुगू कधीपासून लिहायला लागले?"

इस्माईलभाई मोठ्याने हसले. "मॅडम, खोका तो घूमता रहता है. आज मालवण, कल काकीनाडा. दोन्हीकडच्या गाड्या येतात ना आपल्याकडे. तुम्ही मच्छी बघा, खोका काय बघता?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. परत येताना बसमध्ये त्या खिडकीबाहेर बघत होत्या आणि मी मनात एकच पाढा म्हणत होते की खोका तेलुगू असला म्हणून मासाही तेलुगूच कशावरून.

त्यानंतर माझं डोकं फिरलं. बाई काही बोलेनात. कुणाला तरी चेन्नईला पत्र लिहिलेलं मी टेबलावर पाहिलं. माशाचे फोटो त्यांच्या कॉम्प्युटरवर होते. एकदा मी खोलीत शिरले तेव्हा त्यांनी फोनवरचं बोलणं आवरतं घेतलं. मग एका गुरुवारी त्या आल्याच नाहीत. शुक्रवारीही नाही. शिपाई म्हणाला, बाई मालवणला गेल्यात. कोठडीची दुसरी किल्ली ऑफिसात असायची. मी ती घेतली आणि कपाट उघडलं. बरणी नव्हती.

मला वाटलं, झालं. आपण वर्षभर मासळीच्या वासात फिरलो आणि शोध लागला तो बाईंच्या नावावर जाणार. आमच्यासारख्यांचं असंच होतं, असं मला घरी, गावात, कॉलेजात कितीदा ऐकवलेलं होतं. पेठेतली माणसं गोड बोलून घेतात, असं आमचे चुलते म्हणायचे. बाई तर गोडही बोलत नव्हत्या. मी अर्ज लिहिला. डॉ. आठल्ये यांनी माझा नमुना माझ्या संमतीशिवाय संग्रहातून हलवला असून माझा शोध स्वतःच्या नावे प्रसिद्ध करण्याचा त्यांचा हेतू आहे, वगैरे. चांगला दीड पान लिहिला आणि देशमुख सरांना नेऊन दिला. सरांनी तो वाचला, गंभीर चेहरा केला आणि म्हणाले, बघू या. त्यांचे डोळे मात्र खूश दिसत होते. ते मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

सोमवारी बाई आल्या. उन्हाने चेहरा काळवंडलेला. सरांनी अर्ज त्यांच्या टेबलावर आधीच ठेवलेला होता. बाईंनी मला बोलावलं. माझ्यासमोर अर्ज वाचला, उलटा करून मागे काही आहे का ते पाहिलं आणि माझ्याकडे सरकवला.

"तारीख घातली नाहीस," त्या म्हणाल्या.

मी अर्ज उचलून तारखेची जागा पाहिली.

"यातलं तू काय पाहिलंस?"

"बरणी कपाटात नव्हती," मी म्हटलं.

"बरोबर. आणि बाकीचं दीड पान?"

मग त्यांनी पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली बरणी काढली आणि टेबलावर ठेवली. चेन्नईचं पत्र जातीची खात्री करून घ्यायला होतं, त्या म्हणाल्या. तीन दिवस त्या मालवणच्या आसपासच्या किनाऱ्यांवर ती बरणी घेऊन फिरल्या होत्या, असा मासा कुणी पाहिला आहे का ते विचारत. बहुतेक सगळे नाही म्हणाले, दोघे हो म्हणाले. "हो म्हणणाऱ्यांना मी आधी चहा पाजला होता," बाई म्हणाल्या, "म्हणून ते दोघे मी सोडून दिले. पाकटाने झटका दिल्याचं मात्र पुष्कळांनी सांगितलं. पण झटक्यावरून जात कळत नाही. तो दुसऱ्या जातीचाही देतो. तेव्हा तीन दिवसांची कमाई शून्य."

मला जमिनीत जावंसं वाटलं. पण त्या थांबल्या नाहीत. बरणीतली चिठ्ठी काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवली. ठिकाण, तारीख आणि नाव शाळेच्या वहीत असतं तसं रेखीव होतं. माशाचं नाव मात्र वेडंवाकडं, ओल्या हाताने लिहिलेलं, कागद तिथे फुगलेला. एकाच चिठ्ठीवर दोन हात. हे त्यांनी पहिल्याच दिवशी, खिडकीपाशी उभं राहून पाहिलं होतं.

"कधी लिहिलीस?"

"आदल्या दिवशी," मी म्हटलं. "घरी."

"सगळ्या?"

"सगळ्या."

त्या ओरडतील असं मला वाटलं होतं. त्या नुसत्या दमल्यासारख्या खुर्चीत मागे टेकल्या. वर्षभरात मी आणलेल्या छत्तीस बरण्या होत्या. छत्तीसही चिठ्ठ्या बदलायच्या, त्या म्हणाल्या, प्रत्येकीवर लिहायचं: पुणे बाजारातून घेतला, मूळ ठिकाण अज्ञात. जुनी चिठ्ठी फेकायची नाही, तीही आत ठेवायची. आणि हे सगळं झाल्यावर शेवटी म्हणाल्या, "यापुढे तुझ्या शब्दावर मी काही घेणार नाही, वाघोली. पुरावा आणशील तेवढंच घेईन. तो अर्ज मात्र ठेव. तारीख घाल आणि ठेव."

मी अर्ज परत घेतला. देशमुख सर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

घरी मी वडिलांना सगळं सांगितलं. ते कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आपल्या रानातल्या मालाची चिठ्ठी आदल्या दिशी लिवली तर चालतं बाई, रान आपलं हाय. ह्यो दुसऱ्याच्या रानातला माल. बघितल्याबिगर कशी लिवली तू?" एमएस्सीत दोन वर्षं जे शिकवलं नाही ते त्यांनी जुडी बांधता बांधता सांगितलं, आणि मला त्याचाच जास्त राग आला.

मार्चमध्ये प्रकल्प संपला. मे महिन्यात बाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभात मिळालेली शाल त्यांनी उलटी करून पाहिली, सगळे हसले. मी एका शाळेत शिकवायला लागले, पण तो मासा डोक्यातून जाईना. त्याचं ठिकाण ठरवायचं तर तो पाण्यातून निघताना बघायला हवा, तेही आपल्या डोळ्यांनी. मालवणच्या अलीकडे एका गावात अजून रापण ओढतात. रापण म्हणजे मैलभर लांब जाळं, होडीने समुद्रात अर्धगोल टाकतात आणि मग तीस-चाळीस माणसं दोन्ही टोकं किनाऱ्यावर ओढून आणतात. जे काही निघतं ते वाळूत, सगळ्यांसमोर निघतं. पावसाळा संपल्यावर शाळेला सुट्टी मिळेल तसतशी मी एसटीने तिथे जायला लागले. रापणीचे मालक बाबी तांडेल. पहिल्या खेपेला त्यांनी मला बाजूला बसवलं. तिसऱ्या खेपेला म्हणाले, बसून काय बघतंस, दोरी धर.

पाचव्या खेपेला, सकाळी, जाळ्याचा घोळ, म्हणजे मधली पिशवी, वाळूत आला. बांगडे, खेकडे, गवत. त्यात एक गोल, तपकिरी ठिपक्यांचा. मी पुढचा मागचा विचार न करता दोन्ही हातांनी उचलला. दोन्ही कोपरांपर्यंत कुणीतरी आतून हातोडा मारल्यासारखं झालं आणि मी वाळूत बसले. माणसं हसायला लागली. मी उठले आणि परत हात लावला. परत बसले. मग बाबी तांडेलांनी लाकडी फळीने तो उचलून बादलीत टाकला. मी त्याच जागी गुडघ्यावर वही ठेवून चिठ्ठी लिहिली. अक्षर इतकं वाईट माझ्या हातून आयुष्यात कधी आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी कर्वेनगरला बाईंच्या फ्लॅटवर होते. बाई आता काठी घेऊन चालत होत्या. त्यांनी मासा पाहिला, भिंगाने तासभर तपासला. जात तीच. फोटो पाहिले. फोटो कुठेही काढता येतात, म्हणाल्या. रापणीच्या मालकाचा नंबर आहे का? मी दिला. त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि चौकशी सुरू केली. जाळं कुठे टाकलं, पाणी किती, किती वाजता, कोणकोण होतं. बाबी तांडेल बिचारे सांगत गेले. शेवटी बाईंनी विचारलं, मासा मेलेला होता की जिवंत?

"जिता नाय तर काय ओ," पलीकडून आवाज आला. "तुमच्या चेडवान हात लावल्यान नि मटकन खाली बसला. उठून परत हात लावल्यान. शाण्या माणसान एकदाच लावलो असतो."

बाई हसल्या. मी त्यांना इतकं मोकळं हसताना कधी पाहिलं नव्हतं. फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, झटक्यावरून जात कळत नाही, पण ठिकाण कळतं. बर्फाच्या पेटीतून दोन दिवस प्रवास करून आलेला मासा झटका देत नाही. दोनदा तर नाहीच. हे आपल्याला आधी कसं सुचलं नाही?

मी निबंध लिहिला. बाईंनी चार वेळा लाल पेनने फाडला. वर मी दोघींची नावं घातली होती, त्यांनी स्वतःचं खोडलं. का विचारलं तर म्हणाल्या, मी किनाऱ्यावर नव्हते. मी खूप आग्रह केला. मग त्या चिडल्या आणि म्हणाल्या, तू अर्ज केला होतास ना, आता घे एकटीच. त्यात चेष्टा किती आणि मनाला लागलेलं किती, हे मला आजही ठरवता येत नाही.

राहिली होती ती पहिली बरणी. बाजारातल्या माशाचा उल्लेख करायचा की नाही? केला नाही तर कुणाला कळणार नव्हतं. निबंध त्याच्याशिवाय पूर्ण होता. केला तर माझ्या पहिल्यावहिल्या छापील पानावर माझीच चूक, माझ्याच नावाखाली, कायमची. मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, तुझं नाव आहे, तू ठरव. आणि खरोखरच त्यांनी शेवटचा मसुदा बघायला मागितला नाही.

दोन रात्री माझा जीव जाग्यावर नव्हता. पीएचडीच्या मुलाखतीला हेच पान समोर ठेवायचं होतं. तिथे पहिलाच प्रश्न त्यावर येणार, हे दिसत होतं. तरी तिसऱ्या दिवशी मी एक वाक्य घातलं आणि निबंध पाठवून दिला.

छापून आला तेव्हा बाई आजारी होत्या, पलंगावर. मी अंक नेऊन दिला. त्यांनी सवयीने मलपृष्ठ पाहिलं, मग माझं पान काढलं आणि सुरुवातीपासून, बोट ओळीखाली ठेवून, वाचत गेल्या. तिसऱ्या परिच्छेदाशी बोट थांबलं. तिथे लिहिलं होतं की याच जातीचा एक मासा लेखिकेने आधी पुण्याच्या बाजारातून घेतला होता, पण त्याची चिठ्ठी लेखिकेने मासा पाहण्यापूर्वीच लिहिलेली असल्यामुळे तो पुरावा म्हणून धरलेला नाही.

बाईंनी ते वाक्य दोनदा वाचलं.

"हे संपादकांनी घालायला लावलं का?"

"नाही," मी म्हटलं. "मीच घातलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वाट बघत होते. मसुद्याचा कागद पिशवीत होता, संपादकांचा मेल फोनमध्ये होता, विचारलं असतं तर दोन्ही दाखवणार होते.

बाईंनी अंक मिटून उशाशी ठेवला आणि सुनेला हाक मारून सांगितलं, हिला चहा टाक.